हेन्री स्ट्रीटच्या वॉल्डबाई

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेकडील जुन्या भागात हेन्री स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. त्यावर २६५ क्रमांकाचे लाल विटांचे एक घर आहे. एके काळी ही पेढीवाल्यांची, जहाजवाल्यांची वस्ती होती. ती मंडळी शहराच्या वरच्या अंगाला सरकली आणि मागे राहिलेल्या घरांतून परदेशांहून आलेली गरीब कुटुंबे खोली-खोलीने राहू लागली. १८९५ साली या घरात काही परिचारिका राहावयास आल्या आणि पुढील अनेक वर्षे त्या भागातील आजारी माणसाला पहिली आठवण होई ती या घराची. ते उभे करणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी आपल्या कामाची हकीकत १९१५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती प्रथम माझ्या वाचनात आली तेव्हा मला नवल वाटले ते एका गोष्टीचे : पुस्तकभर बाई स्वतःविषयी फारच थोडे बोलतात आणि शेजाऱ्यांविषयी मात्र त्यांना किती सांगू अन् किती नको असे होते. परोपकारी माणसांची आत्मवृत्ते सहसा याच्या उलट असतात, हे आपण जाणताच.

त्यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी ओहायो प्रांतातील सिनसिनाटी शहरात झाला. घराणे जर्मनीकडून आलेले, ज्यू धर्माचे, खाऊनपिऊन सुखी. वडील चष्म्यांच्या व दुर्बिणींच्या काचांचा व्यापार करीत. पुढे कुटुंब रॉचेस्टरला आले आणि मुलीचे शिक्षण तेथील एका खासगी शाळेत झाले. सोळाव्या वर्षी तिने व्हॅसर कॉलेजात अर्ज केला, परंतु वय लहान म्हणून तो नाकारण्यात आला. मग चारपाच वर्षे सुखवस्तू घरातील मुलीची जातात तशी गेली. बहिणीच्या आजारपणात घरी एक शिकलेली परिचारिका आली होती; तिचे काम पाहून हिच्या मनाने घेतले आणि १८८९ साली ती न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या परिचारिका-शाळेत दाखल झाली. १८९१ साली शिक्षण पुरे झाले. एक वर्ष अनाथ मुलांच्या एका मोठ्या आश्रमात नोकरी केली, तेथे मन रमेना, म्हणून डॉक्टर होण्यासाठी स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातले. इथवरच्या चरित्रात विशेष असे काही नाही.

कॉलेजात असतानाच हेन्री स्ट्रीटजवळच्या एका वर्गात बाहेरून आलेल्या बायकांना घरगुती शुश्रूषा शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले होते. १८९३ सालच्या मार्च महिन्यात एके दिवशी बिछाना नीट कसा घालावा याचा पाठ चालू असताना एक लहान मुलगी रडवेल्या चेहऱ्याने वर्गात आली आणि आपल्या आईकडे चला म्हणाली. वॉल्डबाई तिच्या मागोमाग निघाल्या. पावसाने चिखल झालेला, दोन्ही बाजूंनी हातगाड्या, कचऱ्याची उघडी पिंपे, मासळीचा वास. मागच्या चाळीत चिखलाच्या जिन्याने वर गेल्यावर दोन खोल्या. त्यांत सात माणसांचे बिऱ्हाड आणि वर पोटभाडेकरू. बाप अपंग. बाळंतीण दोन दिवस रक्तस्रावाने भिजलेल्या अंथरुणावर तशीच पडून होती. बाईंनी तिला धुऊनपुसून स्वच्छ केले, अंथरूण बदलले, खोली झाडली. निघताना त्या माणसांनी त्यांचे हात हाती घेऊन ओठांना लावले. त्याची त्यांना फार लाज वाटली, असे त्या लिहितात. सकाळी तासिकेत अंथरुणाची चादर कशी ताणावी हे शिकवणारी बाई दुपारी त्या खोलीतून बाहेर पडली, ती कॉलेज सोडण्याचा निश्चय करूनच.

आता हा भाग कसला होता हे थोडे सांगितले पाहिजे. रशिया, पोलंड, रुमानिया येथील ज्यू, दक्षिण इटलीतील शेतकरी, त्यांच्या आधी आलेले आयरिश आणि जर्मन असे नाना देशांचे लोक एकाच आळीत होते. एका जिन्यावर चार भाषा ऐकू येत. धर्म वेगळे, सण वेगळे, चुलीवरचे पदार्थ वेगळे. सारखी होती ती गरिबी आणि आजार. पुरुष-बायका घरीच शिवणकाम करीत. ज्या खोलीत शिवण चाले तेथेच स्वयंपाक आणि तेथेच क्षयाचा रोगी. त्यात १८९३ सालीच अमेरिकेत मोठी मंदी आली, पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले आणि त्या हिवाळ्यात अर्धी वस्ती बेकार झाली. इस्पितळे होती, पण त्यांची लोकांना धास्ती वाटे. तेथे गेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत होती. धर्मादाय दवाखान्यांत औषध मिळे, पण ते कसे घ्यावे हे ज्या भाषेत सांगत ती भाषाच रोग्याला कळत नसे.

वॉल्डबाईंनी आपल्या शाळेतील मैत्रीण मेरी ब्रूस्टर हिला बरोबर घेतले. प्रथम काही आठवडे दुसऱ्या एका सेवागृहात राहून दोघींनी जेफर्सन स्ट्रीटवरील एका चाळीचा सर्वांत वरचा मजला भाड्याने घेतला. त्या घराला न्हाणीघर होते, म्हणून ते पसंत केले. अशी सोय असलेली घरे त्या वस्तीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. पैशांची व्यवस्था मिसेस लोएब आणि त्यांचे जावई जेकब शिफ यांनी केली. हे शिफ कुन-लोएब या नामांकित पेढीचे प्रमुख. दानशूर खरे, पण हिशेबी माणूस. दरमहा काय केले त्याचा लेखी वृत्तान्त त्यांना हवा असे आणि वॉल्डबाई तो नेमाने पाठवीत : अमक्या घरी विषमज्वर, तमक्या घरी घटसर्प, एकाला बर्फ दिला, एकाला अंथरूण, एकाला काम मिळवून दिले. हे वृत्तान्तच पुढे संस्थेच्या कारभाराचा पाया झाले असे मला वाटते. दयेची लाट ओसरते, वही राहते. शहराच्या आरोग्य खात्याकडून त्यांनी एक बिल्लाही मिळविला. तो छातीवर असला म्हणजे अनोळखी दार ठोठावण्यास संकोच वाटत नसे.

दोन वर्षांत काम इतके वाढले की वरचा मजला अपुरा पडू लागला. १८९५ साली शिफ यांनी २६५ क्रमांकाचे घर विकत घेऊन दिले. मेरी ब्रूस्टर प्रकृतीमुळे लवकरच काम सोडून गेल्या आणि १९०१ साली वारल्या, पण नव्या मुली येत राहिल्या.

या घराला दवाखाना म्हणावे की काय, याचा निर्णय करणे कठीण आहे. खाटा नव्हत्या. तळमजल्यावर एक खोली होती. तेथे भाजलेले, कापलेले, डोळे आलेले, डोक्यात खवडे झालेले लोक येत आणि परिचारिका मलमपट्टी करीत. तान्ह्या मुलांसाठी स्वच्छ दूध मिळे. आजारातून उठलेल्यांना गावाबाहेर विश्रांतीसाठी पाठविण्याची सोय होती. परंतु खरे काम घराबाहेर चाले. सकाळी न्याहारीच्या वेळी आलेल्या बोलावण्यांची वाटणी होई आणि निळ्या पोशाखातील परिचारिका काळी पिशवी घेऊन बाहेर पडत. एका चाळीतून दुसऱ्या चाळीत जाण्यासाठी पाच मजले उतरून पुन्हा पाच मजले चढण्यापेक्षा त्या गच्चीवरूनच पलीकडे जात. अशा एका परिचारिकेचे गच्चीचा कठडा ओलांडतानाचे छायाचित्र फार प्रसिद्ध आहे.

या कामाचे काही नियम वॉल्डबाईंनी आरंभापासून घालून दिले होते, आणि ते साधे दिसले तरी त्या काळी नवे होते. परिचारिकेला कोणीही बोलावू शके. डॉक्टरची चिठ्ठी नको, धर्मोपदेशकाची शिफारस नको, धर्मादाय मंडळाची चौकशी नको. शेजारणीने पोराला पाठवून निरोप दिला तरी पुरे. धर्माचा संबंध नाही. कोणाला उपदेश करावयाचा नाही. आणि ज्याला शक्य असेल त्याने भेटीमागे १० ते २५ सेंट द्यावेत, नसेल त्याने देऊ नयेत. या शेवटच्या नियमाबद्दल मला विशेष वाटते. फुकट औषधाची आपल्याकडेही पुष्कळ केंद्रे निघाली आणि तेथे गरिबाला किती वेळ आणि कोणत्या स्वरात ताटकळत ठेवतात हे वाचकांना ठाऊक आहे. दहा सेंट देणारी बाई उपकार घेत नसे, ती परिचारिकेला बोलावीत असे. काही स्थानिक डॉक्टरांना ही पद्धत रुचली नाही. परिचारिका आपले रोगी पळवितात अशी कुरकुर झाली. वॉल्डबाईंचा शिरस्ता असा की रोग्याचा डॉक्टर असेल तर त्याच्याच सल्ल्याने चालावयाचे, नसेल तर मिळवून द्यावयाचा. भांडण त्यांनी वाढू दिले नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

आकड्यांकडे पाहिले तर १९०६ साली २७ परिचारिका होत्या, १९१३ साली ९२, आणि त्या वर्षी घरोघरच्या भेटींची संख्या २ लाखांच्या घरात होती. १९१४ सालचा एक हिशेब बाईंनी पुस्तकात दिला आहे. त्या वर्षी परिचारिकांनी फुप्फुसदाहाचे, म्हणजे न्यूमोनियाचे, ३,५३५ रोगी घरीच सांभाळले. त्यांतले शेकडा ८.०५ दगावले. शहरातील चार मोठ्या इस्पितळांत त्याच काळात अशा १,६१२ रोग्यांपैकी शेकडा ३१.२ दगावले. दोन वर्षांखालील मुलांत तर घरी शेकडा ९.३ आणि इस्पितळांत शेकडा ३८ असा फरक पडला. आता इस्पितळात जाणारा रोगी मुळातच अधिक अत्यवस्थ असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यामुळे या आकड्यांवरून इस्पितळांना दोष देणे बरोबर नाही. पण जंतुनाशक औषधांचा तो काळ नव्हता. न्यूमोनियाला औषध असे नव्हतेच. उघडी खिडकी, स्वच्छ अंग, वेळेवर पाणी व दूध, आणि आईला धीर, एवढ्यावर जे काही साधे ते साधे. आणि ते चाळीतल्या खोलीतही साधते हे या हिशेबाने दिसले.

शाळांची हकीकत याहून मनोरंजक आहे. शहराचे वैद्यकीय तपासनीस शाळांत जात, ज्या मुलांना खुपऱ्या, नायटे, उवा, खरूज असे संसर्गजन्य काही असेल त्यांना घरी पाठवीत आणि आपले काम झाले असे समजत. घरी पाठविलेले मूल रस्त्यावर त्याच मुलांबरोबर खेळे ज्यांच्यापासून त्याला दूर केले होते. उपचार कोणीच करीत नसे. लुई नावाचा एक बारा वर्षांचा मुलगा डोक्यातील खवड्यांमुळे कधी शाळेत बसलाच नव्हता. त्याची आई दवाखान्यातून आणलेले मलम कसे लावावे हे जाणत नव्हती. वॉल्डबाईंनी ते नीट लावले, डोके बरे झाले, मुलगा शाळेत गेला. बाईंनी ही गोष्ट लक्षात ठेवली. १९०२ साली त्यांनी शहराला लिना रॉजर्स नावाची आपली एक परिचारिका एक महिन्यापुरती देऊ केली, मात्र प्रयोग यशस्वी झाला तर पुढचा खर्च शहराने उचलावा असे आधीच कबूल करून घेतले. चार शाळा, सुमारे दहा हजार मुले. लिनाबाई शाळेतच डोळे धूत, पट्ट्या बांधीत आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आयांना दाखवीत. महिन्याच्या आत शहराने आणखी परिचारिका नेमल्या आणि त्यासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. १९०२ च्या सप्टेंबरात १०,५६७ मुले घरी पाठविली गेली होती. १९०३ च्या सप्टेंबरात हा आकडा १,१०१ वर आला. शाळेतली परिचारिका हा जो प्रकार नंतर देशोदेशी पसरला, त्यातला नगरपालिकेच्या खर्चाने चाललेला हा पहिल्या प्रयोगांपैकी एक होय.

बाईंची कामाची रीत यात पुरती दिसते. आधी स्वतः करून दाखवायचे, मग ज्याचे ते काम त्याच्या गळ्यात घालायचे. १९०९ साली मेट्रोपोलिटन या विमा कंपनीला त्यांनी असेच पटवून दिले की विमेदार गरीब कामगार लवकर मरू नये यात कंपनीचाच फायदा आहे, तेव्हा आजारी विमेदाराकडे परिचारिका पाठवा आणि पैसे तुम्ही द्या. कंपनीने तीन महिने करून पाहिले आणि मग ही योजना देशभर पसरली. १९५३ पर्यंत ती चालली. धर्म म्हणून मागितले असते तर कंपनीने एखादी देणगी देऊन बोळवण केली असती.

सरकारच्या बाबतीतही तसेच. १९०३ च्या सुमारास एके सकाळी न्याहारीच्या वेळी वर्तमानपत्रात बातमी आली की कापसाच्या बोंडांना लागलेल्या किडीची पाहणी करण्यासाठी शेतकी खात्याचे मंत्री दक्षिणेकडे निघाले आहेत. मैत्रीण फ्लॉरेन्स केली समोर बसल्या होत्या. कापसाचे पीक जपण्यासाठी मंत्री जातो, तर देशातील मुलांचे पीक जपण्यास सरकारात कोणी का नसावे, असा विचार तेथे निघाला. आम्हा माळव्यातील मंडळींना कापसाची कीड काय असते हे सांगावे लागत नाही. म्हणून ही उपमा आमच्या मनात चटकन उतरते. दोघींनी तो विचार सोडला नाही. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत तो नेला, कायदेमंडळात वर्षानुवर्षे खेटे घातले आणि १९१२ साली अध्यक्ष टॅफ्ट यांच्या सहीने बालकांसाठीचे स्वतंत्र सरकारी कार्यालय निघाले. त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

वर्णाच्या बाबतीत त्यांची भूमिका काय होती? १९०६ साली एलिझाबेथ टायलर या निग्रो परिचारिकेला त्यांनी आपल्या मंडळात घेतले. पश्चिमेकडील सॅन हुआन हिल या निग्रोंच्या वस्तीत टायलरबाईंना प्रथम कोणी बोलावीच ना; त्या वस्तीला परिचारिका येते हेच ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी चाळींच्या रखवालदारांना गाठून कोणाकडे आजार आहे ते विचारले आणि अशा रीतीने तेथे शाखा उभी राहिली. १९०९ साली निग्रोंच्या हक्कांसाठी जी मोठी परिषद न्यूयॉर्कला भरली आणि जिच्यातून पुढे त्यांची राष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या पाहुण्यांना एकत्र जेवू घालील असे उपाहारगृह मिळेना. काळ्या-गोऱ्यांची पंगत हॉटेलवाल्यांना नको होती. वॉल्डबाईंनी पाहुणचार आपल्या घरी केला. पाहुणे शेकड्यांनी आणि जागा लहान, तेव्हा सर्वांनी उभ्यानेच खाल्ले. मानपानाचा प्रश्नच उरला नाही. सहभोजनावरून आपल्या लोकांत काय काय वाद झाले हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना या उभ्या पंगतीचे मोल कळेल.

मागच्या तीन परसांच्या मधल्या भिंती काढून त्यांनी मुलांसाठी क्रीडांगण केले, तेही उल्लेखिले पाहिजे. आणि नाट्यगृहाचे तर अवश्य. लेविसन घराण्यातील ॲलिस आणि आयरीन या भगिनींनी १९१५ साली ग्रँड स्ट्रीटवर संस्थेसाठी एक लहान नाट्यगृह बांधून दिले. या रंगभूमीवर १९२४ च्या डिसेंबरात कोणते नाटक झाले असेल? आपले शूद्रकाचे मृच्छकटिक! आर्थर रायडर यांच्या इंग्रजी भाषांतरावरून ते बसविले होते आणि ते इतके गाजले की नंतर पुन्हा लावावे लागले. देवलांच्या मृच्छकटिकावर वाढलेल्या आपल्या घराण्यांना चारुदत्त, वसंतसेना आणि तो शकार न्यूयॉर्कच्या चाळवस्तीत अवतरल्याचे ऐकून गंमत वाटेल. मला मात्र ते स्थळ योग्यच वाटते. दारिद्र्य आलेला सज्जन आणि सोन्याच्या गाडीसाठी रडणारे मूल यांची ओळख त्या वस्तीला करून द्यावी लागली नसेल.

बाईंना दूषणेही मिळाली. महायुद्ध सुरू होताच १९१४ च्या ऑगस्टात काळे कपडे घातलेल्या स्त्रियांची एक मूक मिरवणूक फिफ्थ अव्हेन्यूवरून गेली, तिच्या अग्रभागी त्या होत्या. युद्धविरोधी संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी घेतले. त्यामुळे अनेक देणगीदारांनी हात आखडता घेतला आणि १९१९ साली देशद्रोहाचा संशय असलेल्यांची जी यादी सेनेटच्या समितीपुढे आली, तीत त्यांचे नाव होते. गंमत अशी की त्याच्या दोनतीन महिनेच आधी, १९१८ च्या शरदात, इन्फ्लुएंझाच्या साथीने न्यूयॉर्क हैराण झाले असता शहरातील सर्व परिचारिकांच्या कामाची जुळवणूक करणाऱ्या मंडळाचे प्रमुखपद याच बाईंवर सोपविण्यात आले होते. परिचारिकांपैकी पुष्कळ लष्कराबरोबर युरोपात गेलेल्या. तेव्हा फिफ्थ अव्हेन्यूवरच्या मोठ्या दुकानांच्या पायऱ्यांवर प्रतिष्ठित स्त्रिया उभ्या राहून हस्तपत्रके वाटीत होत्या : ज्यांना आजाऱ्याजवळ बसता येते त्यांनी यावे. शेकडो आल्या.

एक शंका मनात येते ती लिहितो. हे सारे शिफ, लोएब, लेविसन अशा धनिकांच्या पैशावर चालले. आणि ज्या कारखान्यांच्या मजुरीने ती वस्ती आजारी पडत होती, तिचा नफाही असल्याच वर्गाकडे जात होता. वॉल्डबाई हे जाणत नव्हत्या असे नाही. घरकामगारांची शिवणयंत्रे, बालमजुरी, शिवणकामगार स्त्रियांचे संप या प्रश्नांत त्या कामगारांच्या बाजूने बोलल्या. पण त्यांचा पिंड लढवय्याचा नव्हता. श्रीमंताला हेन्री स्ट्रीटवर जेवायला बोलवावे, शेजारी त्याच वस्तीतील एखादा शिंपी बसवावा आणि दोघांना बोलू द्यावे, ही त्यांची युक्ती. तिने किती भिंती पडल्या हे मोजणे अवघड आहे. शाळांतील परिचारिका मात्र मोजता येतात.

१९२५ नंतर प्रकृती ढासळत गेली. १९३३ साली त्यांनी संस्थेचा कारभार सोडला आणि कनेटिकट प्रांतातील वेस्टपोर्ट येथे तळ्याकाठच्या घरात त्या राहू लागल्या. तेथेच १९३४ साली दुसरे पुस्तक पुरे केले. १ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले आणि रॉचेस्टरला त्यांचे दफन करण्यात आले. चार वर्षांनी, १९४४ साली, घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचे काम वेगळे करून त्याची स्वतंत्र संस्था करण्यात आली, कारण ते आता एका घरात मावण्याजोगे उरले नव्हते. हेन्री स्ट्रीटवरचे घर मूळ संस्थेकडेच राहिले. त्या वस्तीतले ज्यू आणि इटालियन पुढे अन्यत्र गेले, त्यांच्या जागी पोर्तो रिकोचे आणि चीनचे लोक आले, आणि २६५ क्रमांकाच्या दारात पुन्हा नव्या भाषा ऐकू येऊ लागल्या.